सुजाताच्या पोटातलं कासव

पोरगी निळी पडून राहिली होती, मी तिले पालथी धरून पाठीवर थापा मारून राहिली होती, अन् शेजारच्या क्वार्टरातले देशकर साहेब दारात येऊन विचारतात, "वहिनी, कोणता तुकडा गिळला?"

कोणता तुकडा म्हणे. सव्वा वर्षाची माही सुजाता हातची चालली होती अन् याइले तुकड्याची पडली. तेवढ्यात तो तुकडा गळ्यातून खाली उतरला, पोरगी रडली, तवा माह्या जिवात जीव आला.

देशकर साहेब कारखान्यात दगड तपासत. एकटेच राहत. बांधकामासाठी शिवनाथ नदीची गिट्टी टाकली होती, सुट्टीच्या दिवशी त्या ढिगावर बसून एकेक खडा जिभेले लावत. मले म्हणत, "दगड चिकटत नाही वहिनी, जुनं हाड जिभेला चिकटतं." असं चाटून चाटून त्याइनं एका कासवाच्या पाठीचे तुकडे जमवले. कवाचंच मेलेलं कासव, अन् या जातीचं आजवर कोणाले मालूमच नाही म्हणे. पक्कं सांगाले काठाचा एक तुकडा पाहिजे होता. तो सापडला, साहेबानं ओसरीत वाळत ठेवला. पोरगी रोज त्याइले पाहे, तिनं बी चाटला, अन् गिळला. शिकवलं कोणी?

डॉक्टर म्हणाले, केळं चारा, निघून जाईन. साहेब रोज सकाळी दारात. "निघालं का? दुपटं धुण्याआधी बघाल हं."

"पोरीचं तं विचारा आधी," मी म्हटलं.

"ती तर खेळतेय की."

एका सकाळी निघालं. न धुताच काडीनं उचलून मी त्याइच्यासमोर धरलं, घ्या म्हटलं तुमचं कासव. गावी आमच्या हातचं पाणी न पिणारे लोक पायले मी. या माणसानं तुकडा रुमालानं पुसला अन् जिभेले लावला.

"साहेब, धुतलं नाही जी."

"चिकटलं," म्हणे. मंग बाकीच्या तुकड्याइले काठ लावून पायला. बरोब्बर बसला. डोळे भरले त्याइचे. "नवीन जात आहे वहिनी. नाव सुजाताचं देतो. तुम्ही हो म्हणाल तर."

"मेलेल्या कासवाले माह्या पोरीचं नाव?"

"आता ते आणखी मरणार नाही."

त्याच दिवशी त्याइले बदलीवर जायचं होतं, दुर्ग स्टेशनावरून गाडी. पोरीचा बाप ड्यूटीवर, विचारू कोणाले? साहेब पेटी बांधून दारात उभे. पोरगी कशी आहे, हे अजून बी विचारलं नाही. अन् पोरगी त्याइच्याच कडेवर, त्याइच्या शर्टाची गुंडी चाटून राहिली.

तुमी असते तं हो म्हटलं असतं का?