मेक्सिकोची बाजू

एका शुक्रवारी दादा वारला. रियाधमध्ये आम्ही दोघेच भाऊ राहायचो.

तिथल्या अल मलाझ भागातल्या एका रत्नागिरीकर न्हाव्याच्या दुकानात तो टीव्हीवर बॉक्सिंग बघायला जायचा, आणि त्याच्यासोबत मी. त्या न्हाव्याचं नाव मला आजही माहीत नाही. दादा त्याला ‘क्युबा’ म्हणायचा आणि तो दादाला ‘मेक्सिको’. त्या दोन देशांचे बॉक्सर समोरासमोर आले, की न्हावी वस्तरा पुसून बाजूला ठेवायचा. गिऱ्हाईक गालावर फेस घेऊन तसंच बसून राहायचं.

“मेक्सिको, तुझा माणूस तोंडानं ठोसे अडवतो रे!”

“आणि तुझा? लग्नात आल्यासारखा नुसता नाचतो!” दादा म्हणायचा.

दादा गेल्यावर पुन्हा अशी लढत आली. मी दुकानात गेलो तेव्हा न्हावी दादाच्या खुर्चीत बसून, दादासारखीच मांडीवर थाप मारत, मेक्सिकोच्या बॉक्सरसाठी ओरडत होता. मी बघतच राहिलो.

“ही बाजू रिकामी कशी ठेवायची?” टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला. “तू क्युबा घे.”

बॉक्सिंगमधलं मला फारसं कळत नाही. आता क्युबाची बाजू मी घेतो.