अंगणातला रिकामा कोपरा

माझी चित्रं पोस्टकार्डाएवढी असतात. लोकांना वाटतं, यात काही कलेचं तत्त्व असेल. तसलं काही नाही. एसटीत मांडीवर तेवढाच कागद मावतो आणि चपट्या डब्यात घातला की न चुरगळता घरी येतो. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा मोठं काही काढायला वेळ नव्हता. निवृत्त झाले आणि वेळ मिळाला, तर गुडघे गेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय.

तरी हिंडले. अकोले तालुक्यात जीपमध्ये कोंबून घेऊन भातखाचरं काढून आणली. शिंगणापूरला घरांच्या दार नसलेल्या चौकटी काढल्या. त्या बरोबर आल्या, कारण त्याच बघायला गेले होते. पाथर्डीकडचे माळ, बाभळी, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्या आणि वर गाठोड्यांवर बसलेल्या बायका. अशी चित्रं भरलेले चपलांचे पाच खोके माझ्या कपाटात आहेत. सून विचारते, "आई, यांचं पुढं काय करायचं?" ती चांगल्या मनानं विचारते. पण हल्ली त्या प्रश्नानंच दमायला होतं.

पाथर्डीच्या बाजूला एका फाट्यावर गाडीची वाट बघत बसले होते, तेव्हा मावशींची ओळख झाली. ऊन मी म्हणत होतं. फाट्याजवळच त्यांचं मातीचं घर. त्यांनी मला हाक मारून सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या डब्यातली चित्रं एकेक करून बघितली. मग म्हणाल्या, "बाई, आमचं बी घर काढून द्या की. घरकुल मंजूर झालंय. हे पाडायचं हाय. नव्या घरात भिताडाला लावीन म्हन्ते."

फोटो काढून ठेवा, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "फोटू काय, मोबाईल गेला की गेला."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. लिंबाखाली बाज टाकून दिली होती. चार तास बसले, तीनदा चहा झाला. पेन्सिलीनं घर उतरवून घेतलं: धाब्याचं छत, वाकलेला ओटा, दाराशी पंचरंगी झेंडा, उघड्या दारातून दिसणारी बुद्धाची मूर्ती. रंग मी नेहमी घरी भरते. उन्हात बसून रंगवण्याचा जोर आता राहिलेला नाही.

घरी रंग भरताना मला अंगणाचा उजवा कोपरा खुपायला लागला. नुसतीच सारवलेली जमीन. शाळेत मी पोरांच्या डोक्यात एकच घोकून बसवलं होतं, कोपरा रिकामा ठेवू नका, मार्क जातात. स्मरणचित्राच्या परीक्षेसाठी सगळ्या वर्गाला खेड्यातलं घर पाठ करून दिलं होतं. मागं दोन डोंगर, बाजूला नारळ, अंगणात तुळशी वृंदावन. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या पोरांनी नारळाचं झाड पाहिलंही नसेल, पण कागदावर ती ते डोळे झाकून काढायची. मी पण त्याच शाळेतली. मावशींच्या कोपऱ्यात हात आपोआप गेला आणि एक ठेंगणं, छान वृंदावन उभं राहिलं. वर तुळशीचा हिरवा तुरा. चित्र कसं भरल्यासारखं दिसायला लागलं, आणि मी समाधानानं झोपले.

नवं घर उभं राहिल्यावर मावशींचा निरोप आला, बुद्धवंदनेला या. मी चित्र चौकटीत बसवून नेलं. जुन्या घराचा मागमूस नव्हता. अंगणही नव्हतं, त्याच जागेवर नवं सिमेंटचं घर होतं. वंदना झाली, जेवणं झाली, मग मी चित्र मावशींच्या हातात दिलं. त्यांची नात शेजारी येऊन उभी राहिली. मावशींचा मुलगा शहरात एका कारखान्यात आहे, त्याची मुलगी. ती तिथंच वाढलेली.

नात म्हणाली, "आजी, आपल्या अंगणात तुळस होती?"

 मावशींनी चित्र लांब धरलं, जवळ घेतलं. मला वाटलं, भरून आलंय. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "बाई, आमच्यात तुळस कुठली?"

 मूर्ती, झेंडा, सगळं मी माझ्या हातानं काढलं होतं, आणि त्याच हातानं शेजारी वृंदावन!

मावशी खाली बसल्या आणि नातीलाही बसवलं. "आमचा सासरा आदी माळकरी. तुळस हुती तवा, तितंच, त्या कोपऱ्यात. धम्माची दीक्षा घिऊन आला आन सवताच्या हातानं टिकाव घातला. आईनं लावल्याली तुळस हुती त्याची. रडत हुता म्हन्त्यात, पर थांबला न्हाई. मी नवी नवरी आले तवा मला काय ठावं? म्या तितं पान्याची घागर ठिवली. त्यानं ती उचलून वट्यावर आनली. म्हनला, 'पोरी, लई कष्टानं मोकळं केलंय ते. ऱ्हाऊ दे मोकळंच.' तवापासून तितं कुनी कायबी ठिवलं न्हाई. कोंबड्यांचं डालगं बी न्हाई."

मी म्हणाले, "मावशी, चुकले मी."

"चुकायचं काय न्हाई. पर तुमी तीनदा च्या पिला, बाई. मला वाटलं, तुमी बघताय." मग नातीकडं बघून म्हणाल्या, "घर तर पडलं. आता हीच पोर उद्या सांगंल, आमच्या दारात तुळस हुती म्हनून. चित्रात हायच की."

चित्र मी परत पिशवीत घातलं. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा थकवा जास्त होता. घरी येऊन कपाटातले खोके उपसले. दर दोन-चार चित्रांमागं एक वृंदावन. कुठं बैलगाडी, कुठं कोंबडी, कुठं कळशी घेतलेली बाई, आणि कोपऱ्यात एक तरी झाड. यातलं खरंच किती तिथं होतं, हे मला आता सांगता येईना. एवढी हिंडले, गुडघे झिजवले, आणि घरी आणून पुन्हा तेच स्मरणचित्र काढलं की काय, या विचारानं मी रडले. सुनेनं येऊन खोके बंद केले.

चित्र चौकटीतून काढून वृंदावनावर पांढरा रंग देऊन बघितला. खालून हिरवं दिसत राहिलं. पेन्सिलीची वही काढली, तर तिथं तो कोपरा कोराच होता. तिथं बसून जे उतरवलं ते बरोबर होतं. घरी येऊन मी शहाणपणा केला होता.

मग नवा कागद घेतला. दोन दिवस लागले. घर, ओटा, झेंडा झाले. त्या कोपऱ्यात सारवणाचा फिकट हात फिरवला आणि थांबले. पण ब्रश तिकडंच ओढ घ्यायचा. एखादी सावली टाकावी, निदान चार गवताच्या काड्या. शेवटी ब्रश धुऊन स्वयंपाकघरात ठेवून आले, तेव्हा ते चित्र वाचलं.

पहिली गाडी धरून पाथर्डीला गेले. सुट्टी होती, नातही घरात होती. मावशींनी हात पदराला पुसले आणि चित्र घेतलं. घर त्यांनी बघितलंच नाही. बोट सरळ उजव्या कोपऱ्यावर नेलं, काही नव्हतं तिथं, आणि नातीला जवळ ओढलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "ह्यो तुजा पणजा."