दुसरा नंबर धरून

आगाऊकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलं, कारण हा माणूस स्वेटर भर उन्हाळ्यात घ्यायचा आणि छत्री थंडीत. गरज पडल्यावर दुकानात जाणाऱ्याला ते सरळ मूर्खात काढायचे. धंदा सोफे दुरुस्त करण्याचा. दुकानात फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आणि चारी पाय वर करून पडलेला कुणाचा तरी कोच. ज्याच्याकडे जन्मभर फाटलेलं आणि खचलेलंच येतं, त्याला काही धड टिकेल असं वाटत नसेल, हे एक वेळ मान्य. पण काकांना त्याचा अभिमान होता. कुणाच्या घरी नवा कोच आला की ते त्यावर हात दाबून सांगायचे, "वर्षभरात खचतो, बघा." खचला की त्यांची कळी खुलायची.

पोटच्या पोराच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. पोराला खेळाचा शिक्षक व्हायचं होतं. त्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी तो पहाटे धावायचा आणि दिवसभर पुस्तकं घोकायचा. निकालापर्यंत कशाला थांबा, म्हणून काकांनी लिफ्ट दुरुस्तीच्या कोर्सची फी भरून टाकली. आधी भरणाऱ्याला सवलत होती. पोरगा परीक्षा पास झाला.

"आता फी भरलीय," काका म्हणाले. "ती परत मिळत नाही."

पोरगा लिफ्टवाला झाला. नोकरी लागताच त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. घरी यायचा तो काका दुकानात असतील अशी वेळ साधून. आईशी बोलायचा, जेवायचा, निघून जायचा. काका संध्याकाळी बायकोला आडून आडून विचारायचे, आज आला होता का, माझ्याबद्दल काही म्हणाला का. तो काही म्हणालेला नसायचा, आणि काकांना ते सोसत नव्हतं.

अशात आपला फुटबॉल संघ जागतिक स्पर्धेत पोचला. स्पर्धा शेजारच्या देशात, सामने निरनिराळ्या शहरांत. पोरगा लहान असताना बापलेक एकाच खुर्चीत दाटीवाटीनं बसून सामने बघायचे. काकांनी मनाशी ठरवलं, पोराला घेऊन जायचं. इतके दिवस शेजारी बसल्यावर बोलणार नाही तर जाईल कुठे?

गटांच्या चिठ्ठ्या पडल्या त्याच आठवड्यात त्यांनी झाडून सगळी तिकिटं काढली. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं ते रात्रीच्या बसनं, म्हणजे लॉजचं भाडं वाचलं. आंघोळ बसस्टँडवर. सामना नसेल त्या दिवशी मुक्काम मोठ्या शहरात नाही, बाजूच्या एखाद्या गावात, जिथे कुत्रंही फिरकत नाही. गोम होती ती पुढच्या फेरीची. गटात पहिला येणारा संघ उत्तरेला, डोंगरातल्या शहरात खेळणार होता आणि दुसरा येणारा दक्षिणेला, बंदरावर. दोन्हीकडची तिकिटं घेणं परवडत नव्हतं, आणि निकाल लागेपर्यंत थांबलं तर भाव गगनाला भिडणार. काकांनी फक्त बंदराची घेतली. रद्द करता न येणारी, म्हणून निम्म्या किमतीत.

"अहो, पण आपण पहिले आलो तर?" बायकोनं विचारलं.

"आपण?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आईनं गळ घातली म्हणून पोरगा तयार झाला. पहिल्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. पहिल्या सामन्यात बरोबरी झाली. दुसऱ्या बसमध्ये त्याची मान बापाच्या खांद्यावर कलली, आणि काका मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. दुसरा सामना आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यानं दोन चहा आणले आणि एक पुढे केला. "घ्या, बाबा." काकांनी तो घोट घोट पुरवून प्यायला.

तिसऱ्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी दुसरा नंबर पक्का होता. जिंकलो तर पहिला. शेवटच्या मिनिटांत, सामना बरोबरीत असताना, आपला एक खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला. सगळं मैदान उभं राहिलं. पोरानं बापाचा हात घट्ट धरला, लहानपणी धरायचा तसा. आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "बाहेर जाऊ दे. देवा, बाहेर जाऊ दे."

गोल झाला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. पोरानं हात सोडला.

फाटकाबाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "मघाशी काय म्हणालात?"

काकांनी मोबाइल काढून तिकिटं दाखवली. स्वस्तात कशी पडली, तेही सांगितलं.

"ही कधी काढलीत?"

"चिठ्ठ्या पडल्या तेव्हाच."

"म्हणजे एकही सामना व्हायच्या आधी." तो म्हणाला. "माझंही तुम्ही असंच केलंत, बाबा."

"मग उपाशी राहिलास का? लिफ्टवाल्यांना काम कमी नाही."

हे बोलणं कुणीही जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण पोरगा आईवर गेला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या. चला, उत्तरेला जाऊ. आपल्या लोकांच्या बसमध्ये जागा आहे. तिकीट नाही मिळालं तर बाहेर पडद्यावर बघू. पैशांचं मी बघतो."

काकांनी नुसतं हो म्हणायचं होतं. ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा केला, ती समोर उभी होती, तीही फुकट. काकांनी मोबाइल खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

"अरे, पण भरलेत ना पैसे," ते म्हणाले.

पोरगा हसला. पाठीवरची पिशवी सारखी करून तो गर्दीतून निघून गेला.

बंदरावरच्या सामन्यात दोन परके संघ खेळत होते. पोराचं तिकीट काकांनी फाटकावर चढ्या भावानं विकलं होतं. घेणारा चांगलाच आडदांड निघाला आणि काकांच्या अर्ध्या खुर्चीत घुसला. मध्यंतरानंतर बायकोचा फोन आला.

"कसा चाललाय सामना?"

"झकास."

"आणि तो?"

"हा काय, शेजारीच आहे. ओरडतोय नुसता."

"शेजारी?" मग ती म्हणाली, "त्याचा फोन आताच येऊन गेला, डोंगरातून. म्हणाला, बाबांना विचारलंस तर ते मी शेजारी आहे म्हणून सांगतील. मी म्हटलं, छे, माझ्याशी खोटं नाही बोलायचे ते. भांडले मी त्याच्याशी, तुमच्या बाजूनं."

कुणीतरी गोल मारला आणि शेजारचा नाचायला लागला. काकांनी फोन कानाशी दाबून धरला. तिनंच फोन ठेवला.