मामांचे हिरवे विरजण

रविवार, सोळा नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. माझ्या वहीतली ही पहिली नोंद ज्यांच्यासाठी झाली, त्या माझ्या धाकट्या मामांइतक्या निष्ठेने विरजण सांभाळणारा माणूस उल्हासनगर ते बदलापूर या साऱ्या पट्ट्यात सापडणार नाही. मामीचे विरजण वर्षातून दोनदा मोडते; मामांचे सहा वर्षे अखंड चालू आहे. फरक इतकाच, की ते दह्याचे नसून कॉपर क्लोराइडचे आहे.

मामा पाण्याच्या टाकीचे टायमर बनवतात. त्यांच्या सर्किट बोर्डावरचे नको असलेले तांबे खाऊन टाकणारे द्रावण ते उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या आपल्या गॅलरीत स्वतःच तयार करतात. ॲसिड, पेरॉक्साइड आणि जुन्या वायरीतले तांबे यांतून ते एकदा 'लागले', की मरत नाही. तांबे खाऊन तपकिरी पडले, की त्यात हवा सोडायची, थोडे ॲसिड घालायचे. ते पुन्हा पोपटी होते. हवेसाठी मामांनी माशांच्या टाकीचा पंप आणला आहे. तो विकणारे सिंधी दुकानदार अजूनही आस्थेने विचारतात, "साईं, मछली कैसी है?" मामा गंभीरपणे सांगतात, "हरी हो गई है, पर खाना बराबर खाती है." या पाळीव द्रावणाच्या वाफांनी गॅलरीचे गज गंजले आणि मामीच्या स्टीलच्या डब्यांवर देवीचे व्रण उमटले. "एक तरी भांडं धड ठेवा हो," मामी म्हणते, "की पाहुण्यांना तुमच्या बोर्डावर वाढू?"

शहाडहून, जांभूळहून दुरुस्तीवाले बाटल्या घेऊन विरजण मागायला येतात. मामा पेलाभर देतातही. मात्र दिवेलागणीनंतर कधीच नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाला तिन्हीसांजा कळत नाहीत, हे मी त्यांना एकदा अर्धा तास सप्रमाण समजावले. ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकात नसेल, बाई. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत."

दिवाळीनंतर मात्र बोर्ड बिघडू लागले. त्यांच्यावरच्या तांब्याच्या रेषा बारीक होऊन तुटत. अकरा टायमर परत आले. "विरजण मेलं गं," मामा फोनवर म्हणाले. "रोज ॲसिड घालतोय, तरी तपकिरीच. टायमर बंद करतो आता. हातातली कलाच गेली." मी तेव्हा संशोधनाच्या मुलाखतीची तयारी करत होते, तरीही ॲसिड मोजायची काचेची नळी, माझी ब्युरेट, पिशवीत घालून बदलापूरहून निघाले.

आम्लता लिटरला दीड मोलच्या आसपास हवी होती. ती चार पूर्णांक आठ आली, म्हणजे ॲसिड तिपटीहून जास्त. एका मापनावर विश्वास ठेवणे मला मान्य नाही, म्हणून तीनदा केले. तिन्ही वेळा तेच.

"मामा, हे मेलेलं नाही. याला ॲसिडचं अजीर्ण झालंय, म्हणून ते रेषाही खातंय. तुम्ही ॲसिड का वाढवत गेलात?"

"तपकिरी दिसतंय म्हणून! तूच बघ की."

मी थोडे द्रावण पांढऱ्या कपात ओतून त्यांच्यासमोर धरले. "रंग सांगा."

"चहा. कमी दुधाचा."

"अहो, पोपटी आहे तो!" मामी फोडणीवरून वळूनही न पाहता म्हणाली, तिने मघाशीच पाहिले होते. "माझ्या शालूसारखा!"

मामांनी कप डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. दिवेलागणीच्या नियमाचे कारण मला तेव्हा कळले: दिव्याच्या उजेडात मामांना रंग मुळीच ओळखता येत नव्हता, आणि रीत त्यांच्या मदतीला आली होती.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"वर्ष झालं असेल," मामा पंपाकडे पाहत म्हणाले. "मोतीबिंदू आहे म्हटलं, तर काम कोण देईल मला?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "या आकड्यांनी तुमची कला गेलेली नाही, हे सिद्ध होतं. गेलं आहे ते फक्त डोळ्याचं भिंग. आणि ते बदलता येतं." माझ्या इतक्या कोरड्या वाक्यावर मामांचे डोळे भरून आले.

डिसेंबरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी येताच मामा गॅलरीत उभे राहून एकेक डोळा झाकू लागले. "या डोळ्याने चहा, या डोळ्याने पोपटी. दोन्ही उघडले की मेंदी!" मधल्या आठवड्यांत जुनी वायर खाऊन द्रावणाचे अजीर्ण उतरत आले होते, दर रविवारी मी आकडा लिहीत होते.

"आता तुझी नळी घेऊन जा, बाई," ते म्हणाले. "माझं मला दिसतंय."

प्रयोग यशस्वी झाला होता. मला आनंदच व्हायला हवा होता. तरी ब्युरेट धुवायला मला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. "शेवटचं एकदा मोजू?" मी विचारले. मामांनी कप उन्हात धरला, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "दीड."

मी मोजले. वहीतली पुढची पाने कोरी आहेत. शेवटचा आकडा: १.४८.