दाखल्यावरचा चहा

मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो होतो. बाकावर एक बंगाली बाई बसली होती. तिच्या गवंडी नवऱ्याला परदेशी असल्याच्या संशयावरून आत ठेवलं होतं. अशांच्या केसेस फुकट लढवणाऱ्या एका वकीलबाईंनी त्याचा जन्मदाखला हवालदारापुढे ठेवला.

"लॅमिनेट केलाय. असला चालत नाही."

"झोपडी गळते हो त्यांची. कागद भिजू नये म्हणून केलंय तिनं," वकीलबाई म्हणाल्या.

हवालदारानं त्याच दाखल्यावर चहाचा ग्लास टेकवला. ग्लास उचलल्यावर मागे राहिलेलं तपकिरी वर्तुळ बाईनं पदरानं पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं.

शी! जिवापाड जपलं, हाच गुन्हा? माझा जन्मदाखला कुठे पडलाय, देव जाणे. साठी उलटली, तरी इथला कशावरून, असं मला कुणी विचारलेलं नाही.

माझी पाळी आली. ओळखपत्र घरीच राहिलं होतं.

"असू द्या हो काका, तुम्ही काय परके आहात?" हवालदार हसला. त्या बाईला बाकावरून उठवून त्यानं मला जागा करून दिली.

त्याची शिसारी आली, हे खरंच. पण मी बसलो.