सोळावी पिन आणि आमच्या हिचे मामा

दुसऱ्याच्या घरातली वस्तू बिघडली की ज्यांचा चेहरा उजळतो असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. मामा रोह्याचे. तिथल्याच एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले ते कंपनीतून, बिघाडांतून नव्हे. आपल्याकडे पाहुणे आले की लोक खुर्च्या मांडतात. मामा आले की आम्ही बंद पडलेली इस्त्री, घरघरणारा पंखा आणि अर्ध्यावर थांबणारं वॉशिंग मशीन यांची मनात उजळणी करतो. काहीच बिघडलेलं नसलं तर मामा चहा अर्धा टाकतात आणि चारची एसटी पकडतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू असतात: टेस्टर, पेन्सिलीएवढा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा. हा आरसा त्यांनी दाढ काढायला गेले असताना मिळवला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, दाढ घरी नेणार का?" मामांनी गालात कापूस धरूनच खुणेने सांगितलं, की दाढ तुम्हीच ठेवा, मला तो आरसा द्या. तेव्हापासून फ्रिजच्या मागे, सिंकच्या खाली, देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेच्या बटणापाशी, जिथे म्हणून माणसाचं डोकं जात नाही तिथे मामांचा आरसा जातो. एकदा त्याच आरशाने त्यांनी माझाही घसा पाहिला होता आणि "वायरिंग ठीक हाय" असा निर्वाळा दिला होता.

आमच्या लग्नात भाचीच्या पाठीशी उभं राहायचा मान त्यांचा. पण मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळेला माईक खरखरायला लागला. मामांनी नारळ शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि धोतरासकट स्टेजखाली शिरले. चौथ्या मंगलाष्टकापासून आवाज खणखणीत आला, तो शेवटच्या सावधानपर्यंत. मामा मात्र बाहेर आले नाहीत, कारण वायर हातात धरली होती आणि सोडली असती तर पुन्हा खरखर सुरू झाली असती. आमच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. नवरी आहे, मी आहे, आणि स्टेजच्या झालरीखालून दोन तळपाय बाहेर आलेले आहेत. ही अजून पाहुण्यांना फोटो दाखवताना त्या तळपायांवर बोट ठेवून म्हणते, "आणि हा माझा मामा."

तर गेल्या वर्षी आमच्या गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, दिवा जळत होता. आमच्या पेणमधल्या, रामवाडीजवळच्या एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये आपलं तपासणीचं यंत्र खुपसलं. गाडीत काय बिघडलंय ते गाडीच या यंत्राला सांगते म्हणतात. आमची गाडी मूग गिळून बसली. यंत्राचा दिवासुद्धा लागेना. गॅरेजवाला म्हणाला, "सर, हिचा कॉम्प्युटरच गेलाय. सोमवारी आणून सोडा, बदलून टाकू." घरी येऊन मी मामांना फोन लावला. चार गोष्टी सांगून होतात न होतात तोच ते म्हणाले, "फोनवर काय कळत नाय जावईबापू. रविवारी येतो."

मला काय माहीत, की मामांच्या हातातून हत्यारं काढून घेतली आहेत म्हणून. हे मला हिने शनिवारी रात्रीच्या जेवणाला सांगितलं. मामांचे हात अलीकडे थरथरायला लागले होते. महिन्यापूर्वी शेजाऱ्यांचा मिक्सर उघडताना स्क्रू ड्रायव्हर भलतीकडे टेकला, सगळ्या बिल्डिंगचे दिवे गेले आणि मामांचा तळहात भाजला. त्यांच्या मुलाने हत्यारांची बॅग कपाटात घातली, कुलूप लावलं आणि सांगितलं, "बाबा, आता पुरे." त्या दिवसापासून मामा घरात कुणाशी फारसं बोलत नव्हते. "येऊ दे त्याला," ही म्हणाली, "पण हात लावू द्यायचा नाही. गप्पा मारू, जेवायला घालू."

रविवारी मामा साडेनवाच्या एसटीने आले. हातात कापडी पिशवी. वर वालाच्या शेंगा होत्या आणि शेंगांखाली पक्कड, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि चिमटा. मुलाने कुलपात घातली ती मोठी बॅग. मामांकडे धाकटी बॅग आहे याची घरात कुणाला कल्पना नव्हती. हिने शेंगा काढून घेतल्या, हत्यारांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मामा तोवर गाडीपाशी पोचले होते.

त्यांनी आधी फ्यूज काढून उजेडात धरला. "शाबूत हाय." मग ड्रायव्हरच्या दारातून अर्धे आत आडवे झाले, टॉर्च दातांत धरला आणि आरसा सॉकेटपाशी नेला. बराच वेळ आतून नुसता श्वास ऐकू येत होता. मग टॉर्च तोंडातून काढून त्यांनी निकाल दिला. "सोळा खाने हायत. पंधरा पिना जागेवर. सोळावी मागं सरकलीय. तिच्यातनंच यंत्राला करंट जातो. यंत्र खुपसलं की ती आणखी मागं जाते. कॉम्प्युटरला काय झालेलं नाय." मी विचारलं, पिन मागे कशी सरकली. मामांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमचा गुडघा. सीट मागं घ्यायची सवय नाय तुम्हाला."

त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर माझ्याकडून सोडवून घेतली, सॉकेट पट्टीतून खाली ओढलं आणि पिन मागून पुढे ढकलायला चिमटा लावला. चिमटा घसरला. परत लावला, परत घसरला. हात इतका हलत होता की चिमट्याचं टोक सॉकेटच्या प्लास्टिकवर टकटक वाजत होतं. मी दुसरीकडे पाहिलं. पाचव्या का सहाव्या वेळेनंतर मामा बाहेर आले, गाडीच्या दारात टेकून बसले आणि म्हणाले, "पोरगा म्हणतो ते खरं असंल. पुरे आता."

ही दारात उभी होती. तिने साडीचा पदर खोचला आणि मामांच्या बाजूने आत शिरली. "मामा, सांग. कुठून धरू?"

मामा सरकून तिच्या डोक्यापाशी बसले. "पिनेला बारीक जीभ हाय बघ. ती चपटी झालीय, म्हणून अडकत नाय. स्क्रू ड्रायव्हरनं जराशी उचल. जराशी गो, वाकवायची नाय."

"उचलली."

"आता चिमट्यानं मागून सरळ ढकल. वाकडी नको. टक्कन आवाज येईल."

"नाही आला."

"येईल. घाई कुणाला हाय?"

आला. तो एवढासा आवाज मला दाराबाहेर ऐकू आला आणि मामांनी डोळे मिटून घेतले. "आता मागं ओढून बघ. येते?" "नाही येत." "बसली," मामा म्हणाले.

बॅटरी जोडून आम्ही गॅरेजवाल्याला बोलावलं. यंत्राचा दिवा लागला, आणि गाडी अखेर बोलली. एक साधा सेन्सर खराब होता, तेवढाच. गॅरेजवाल्याने विचारलं, "कुणी केलं हे?" मामा घाईघाईने म्हणाले, "हिनं. मी नुसता बोलत होतो."

संध्याकाळी त्यांना सोडायला निघालो तर मामा नागोठण्याहून भिसे खिंडीचा जवळचा रस्ता घेऊ देईनात. खांब गावावरूनच चला म्हणाले, कारण हायवेच्या खड्ड्यांतून गेल्याशिवाय काम पक्कं झालं की नाही ते कळत नाही. प्रत्येक खड्ड्यानंतर माझ्या गुडघ्यापाशी वाकून सॉकेट चाचपत होते आणि खूश होत होते. सरकारी रस्ता इतक्या आनंदाने वापरणारा प्रवासी मी दुसरा पाहिलेला नाही.

रोह्याला मुलगा फाटकातच उभा होता. "बाबा, सांगून तरी जायचं." हिने धुऊनही काळे राहिलेले आपले हात पुढे केले आणि म्हणाली, "दादा, काम मी केलं. पण मामा नसता तर गाडीचा कॉम्प्युटर बदलून बसलो असतो आम्ही." दादाने तिच्या हातांकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. आठवड्याने हिला त्याचाच फोन आला. पाण्याचा पंप बंद पडला होता आणि तो बाबांना शेजारी बसवून स्वतः उघडत होता. "फार ओरडतात गो," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

आता मामा पेणला येत नाहीत. एसटीची पायरी चढवत नाही. आम्हीच जातो. मागच्या खेपेला निघताना ते काठी टेकत रस्त्यापर्यंत आले. गाडी ही चालवत होती. त्यांनी खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सावकाश जा," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. रस्त्यात गर्दी होती, तिला मान वळवता येईना. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अहो, उभा आहे का अजून?"

वळण केव्हाच मागे पडलं होतं. मी म्हटलं, "आहे."