बाभळीच्या काट्याने टाचलेल्या दोन चिठ्ठ्या

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी सांगलीहून साताऱ्याला गेलो, ते आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचे (त्यांना सगळे साहेब म्हणत) कागद लावायला. बेचाळीसच्या चळवळीतली वॉरंटं नुकतीच उठली होती. भूमिगत असताना त्यांची पत्रकं काढणारे मास्तर आता त्यांचं प्रसिद्धीचं काम बघत. त्यांनीच मला बोलावलं होतं. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला ते फार मोठं वाटलं.

कागद सांगलीजवळ हळदीच्या पेवात, जमिनीखाली डब्यांत लपवलेले होते, ते आता साताऱ्याला आणले होते. पिवळे पडलेले. प्रत्येक पत्रकामागे गावाकडून आलेली मूळ चिठ्ठी बाभळीच्या काट्याने टाचलेली. रानात टाचण्या कुठल्या? पहिल्याच दिवशी माझी बोटं रक्ताळली.

एका गठ्ठ्यात पोलिसांचे अत्याचार. धान्यात रॉकेल ओतलं. बाईला केसांना धरून चावडीपर्यंत फरफटत नेलं. मोर्चात गोळी लागलेल्या पोराचं पोट त्याच्याच धोतरानं बांधलं. दुसऱ्या गठ्ठ्यात चळवळीतल्या आपल्याच माणसांनी दिलेल्या शिक्षा. कुणाचे पाय फोडले, कुणाचा हात मोडला. दोन्हींकडे अक्षर मास्तरांचंच.

चौथ्या दिवशी आमच्या गावाचं पत्रक हाती आलं. 'खबऱ्यास भर खळ्यात शिक्षा.' तो खबऱ्या म्हणजे माझे थोरले चुलते, आबा, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. आठ जणांनी त्यांना खळ्याच्या मधल्या खांबाशी, तिवड्याशी, आडवं पाडून, पाय वर बांधून, तळपायांवर काठ्या घातल्या होत्या. मी तिथंच उभा होतो. आधी ते ओरडले, नंतर नुसत्या काठ्यांचा आवाज येत राहिला. तेव्हापासून ते बसून सरकतात. गावात त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

पत्रकामागे चिठ्ठ्या दोन होत्या. पहिली: 'दर महिन्याला मेडल लावून तालुक्याच्या कचेरीत जातो. पोलीस चौकी त्याच आवारात आहे.' दुसरी महिन्याभरानंतरची: 'चूक झाली. पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याची हजेरी द्यावी लागते, त्यासाठी जात होता.' खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'छापू नये.'

मी मास्तरांना विचारलं, "हे आता तरी छापायचं का?"

"त्या डब्यात टाक. त्यातलं सगळं जाळायचं आहे."

"मास्तर, ते माझे चुलते आहेत."

ते उठले आणि चिठ्ठी ओढू लागले. मी सोडली नाही. त्यांनी माझ्या कानशिलात दोनदा मारली. "खबऱ्यांमुळे माझा भाऊ गोळीनं मेला. पोलीस त्याचं प्रेत दोन दिवस देईनात. आणि तू मला चूक दाखवतोस?"

"तुमच्या भावाला आबांनी मारलं नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी चिठ्ठी सोडली. मग त्यांनी पत्रकाच्याच पाठीवर लिहिलं, 'दुसरी चिठ्ठी मी दाबली', आणि सही केली. "छापणार नाही. साहेबांचं नाव जाईल. पण गठ्ठ्यात लाव."

मी दोन्ही चिठ्ठ्यांची आणि त्या ओळीची नक्कल करून घेतली आणि गावी गेलो. चुलते गोठ्यात दोर वळत होते. मी वाचून दाखवलं.

"आन् मला कशापायी सांगतूस?" ते म्हणाले. "मी कशाला जात हुतो, मला ठावं न्हाई व्हय? तवा त्यांचं पत्रक चावडीत कुनी वाचलं रं?"

चावडीत पत्रकं मोठ्यानं वाचायला तेव्हा मलाच उभं करत. मीच वाचलं होतं.

"आबा, ह्ये चावडीत वाचाया मला लय भ्या वाटतं."

"मलाबी वाटलं हुतं," ते म्हणाले आणि पुन्हा दोर वळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावडीत उभा राहून नक्कल वाचायला लागलो. दहा-बारा माणसं होती. आबांना मारणाऱ्या त्या आठांतला एक पुढं आला आणि त्यानं माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटलं. "कुनी शिकिवलं रं तुला ह्ये?"

तोंडात रक्त आलं. उरलेल्या दोन ओळी मी तशाच वाचल्या. तो ऐकत राहिला. गचांडी मात्र त्यानं सोडली नाही.